लाल दिवा आणि आत्याबाईंचे गुडघे



वार्तापत्रासाठी विज्ञानावर काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी विषय शोधत बसले नाही. विषय घरातच होता आणि रोज संध्याकाळी लाल उजेड पाडत होता. दुखऱ्या सांध्यावर धरायचे एलईडी दिव्यांचे पॅनल आता आपल्याकडेही दिसू लागले आहे. पुण्या-हैदराबादला नोकरीला असलेली मुले गावाकडच्या आई-वडिलांसाठी ते पाठवतात. मग शेजारीपाजारी मला विचारतात, "बाई, तुम्ही सायन्सच्या. ह्यानं खरंच गुण येतो का?" त्या प्रश्नाचे उत्तर मला जेवढे समजले आणि घरात जेवढे पडताळता आले, तेवढे येथे मांडते.

आपला भाग तुरीचा. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या तुरीची, मुगा-उडदाची खुरपणी कोण करते? बायका तासन्‌तास उकिडव्या बसून करतात. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भालकी तालुक्यातल्या आमच्या शेतात चाळीस वर्षे हेच केले. साठी उलटल्यावर गुडघे बोलू लागले. "लई ठणकायलेत गं," एवढेच म्हणायच्या आणि औषधाच्या दुकानातून गोळी आणायला नातवाला पाठवायच्या. रोज एक, कधी दोन, अशी चार-पाच वर्षे गेली. शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे काढला. झिजेचा संधिवात निघाला. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडावर ताण दिसला, म्हणून त्या गोळ्यांवर कडक मर्यादा आली. दुखणे तर होतेच, आणि हातातली गोळीही गेली. घरात दिवा आला तो अशा वेळी.

त्याआधी एका मंगल कार्यालयात अशाच यंत्राचे प्रात्यक्षिक झाले होते, तेथे आम्ही दोघी गेलो होतो. "गोळ्या फेकून द्या, ऑपरेशन टळेल, झिजलेला गुडघा भरून येईल," असे सांगणारा माणूस गोड बोलत होता. आत्याबाईंचे डोळे चमकले. मी काही घेतले नाही म्हणून दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पुढे पुतण्याने हैदराबादहून पाटीएवढे एक पॅनल पाठवले. त्या बोलण्यात खरे किती आणि खोटे किती, हे पाहायची संधी आम्हाला घरबसल्या मिळाली.

पॅनल लावताच आत्याबाई म्हणाल्या, "ह्यातले निम्मे दिवे गेलेलेच हायत की! फसवलं पोराला." निम्मे दिवे लख्ख लाल होते आणि निम्मे जवळजवळ विझलेले. नातवाने मोबाइलचा कॅमेरा समोर धरला, तर ते विझलेले दिवेही पडद्यावर उजळलेले दिसले. डोळ्याला न दिसणारा पण कॅमेऱ्याला दिसणारा हा प्रकाश म्हणजे जवळचे अवरक्त किरण. टीव्हीच्या रिमोटमध्येही तेच असतात. मुलांनो, हा प्रयोग तुम्ही रिमोटवर जरूर करून पाहा. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि लाल पट्ट्याच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापी ठेवली. पारा चढला. न दिसणाऱ्या या किरणांची ओळख जगाला तेव्हा झाली.

आमच्या पॅनलवर दोन आकडे होते, ६६० आणि ८५० नॅनोमीटर. पहिला लाल प्रकाशाची तरंगलांबी आणि दुसरा अवरक्ताची. लाल प्रकाश कातडीत काही मिलिमीटरच जातो. अवरक्ताचा थोडा भाग त्याहून खोल पोहोचतो, म्हणून सांध्यासाठी तो महत्त्वाचा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ घरांत शेकायचा मोठा लाल बल्ब असतो. तो दीडशे वॅटचा बल्ब आणि हे पॅनल एक नव्हे. बल्ब उष्णता देतो. त्या शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात आणि बरे वाटते. पॅनलने फार तर कोमट लागते. त्याचे काम उष्णतेने होते असे मानत नाहीत. नववी-दहावीच्या मुलांना पेशीतली तंतुकणिका माहीत आहे, जिला आपण पेशीचे ऊर्जाघर म्हणतो. तेथील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर हा प्रकाश शोषून घेते, पेशीचे ऊर्जेचे काम सुधारते आणि दाह कमी होतो, असे सध्या सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे.

या शोधाची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टचे डॉ. एन्द्रे मेस्टर यांनी केस भादरलेल्या उंदरांवर मंद लेसर सोडला. त्यांचे केस इतर उंदरांपेक्षा लवकर उगवले, आणि मंद प्रकाशाच्या उपचाराचा अभ्यास तेथून सुरू झाला. त्याहून जुने नाव डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांचे. कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच फिन्सेन यांनी देवीच्या रोग्यांना लाल प्रकाशाच्या खोलीत ठेवावे असेही सुचवले होते, पण ती गोष्ट पुढे टिकली नाही. माणूस तोच. त्याची एक गोष्ट कसोटीला उतरली, दुसरी उतरली नाही. म्हणून सांगणारा केवढा मोठा आहे यापेक्षा पडताळा काय आला, ते पाहावे.

दुखण्यावर पडताळा कसा घेतात? रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाला खरा किरण देतात, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण किरण न सोडणारे यंत्र लावतात. आपण कोणत्या गटात आहोत, हे रुग्णाला कळू देत नाहीत, कारण नुसत्या आशेनेही दुखणे कमी वाटते. २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मानदुखीवरच्या अशा १६ चाचण्यांचा, म्हणजे ८२० रुग्णांचा, एकत्र आढावा आला. त्यात मंद लेसरने दुखणे कमी झाल्याचे दिसले. २०१९ मध्ये गुडघ्याच्या संधिवातावरील २२ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. योग्य मात्रा दिलेल्या रुग्णांना आराम पडला होता, कमी मात्रा मिळालेल्यांना तसा फरक दिसला नाही. कर्करोगाच्या उपचारात तोंडाला पडणाऱ्या वेदनादायक फोडांसाठी तर हा प्रकाश आज अनेक रुग्णालयांत वापरतात.

म्हणजे गोष्ट थोतांड नाही. पण या चाचण्या बहुतेक दवाखान्यातल्या लेसरच्या आहेत. तेथे जाणकार माणूस सांध्यावर नेमक्या जागी यंत्र टेकवून किरण देतो. घरचे प्रत्येक पॅनल तेवढेच काम करील, असे त्यावरून म्हणता येत नाही.

मात्रेचे गणित मुलांना जमेल असे आहे. पॅनलमधून दर चौरस सेंटीमीटरला ५० मिलिवॅट प्रकाश पडत असेल आणि तो १२० सेकंद घेतला, तर ०.०५ गुणिले १२० म्हणजे ६ जूल ऊर्जा मिळाली. पॅनल दूर नेले की मात्रा घटते. जास्त वेळ धरले तर जास्त गुण येईल, हेही खरे नाही. तुरीला पाणी लागते, पण शेतात पाणी तुंबले की तीच तूर उधळते. प्रकाशाचेही काहीसे तसेच आहे. ठरावीक मात्रेपुढे फायदा घटू लागतो.

आता आमच्या घरचा अनुभव. डॉक्टरांना विचारूनच आम्ही सुरुवात केली. त्यांनी आत्याबाईंना व्यायामतज्ज्ञांकडेही पाठवले. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचे, खाली घ्यायचा; असा मांडीचा व्यायाम दोन वेळा आणि सकाळी थोडे चालणे. मी नातवाला एक वही आखून दिली. रोज सकाळ-संध्याकाळ आजीला विचारायचे, "शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही, तर आज किती?" आणि आकडा लिहायचा. पहिले दोन आठवडे दिवा किंवा व्यायाम काहीही सुरू केले नाही, नुसते लिहिले. आकडा बहुतेक सातच. मग दोन्ही सुरू केले. दीड महिन्यानंतर आकडा पाचावर आला, एखादे दिवशी चारवर. पुढे दोन आठवडे दिवा बंद ठेवला आणि व्यायाम चालू ठेवला. आकडा एकाने वाढला. सातवर काही गेला नाही. पुन्हा दिवा लावला, तसा हळूहळू उतरला.

एका आजीच्या वहीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी वर्गात शिकवतेच. पण आमच्यापुरता अर्थ स्पष्ट होता. दिव्याने थोडा आराम दिला, आणि मोठा वाटा आत्याबाईंच्या स्वतःच्या मांड्यांनी उचलला. दिव्यामुळे सकाळचा ताठरपणा जरा सुटायचा आणि त्या चालायला उठायच्या. एवढे काम दिव्याने केले तरी पुष्कळ झाले. झिजलेली कूर्चा दिव्याने परत येईल, या आशेवर कोणी राहू नये. आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली असेल, तर दिवा दाखवून ती पुढे ढकलू नये.

काही पथ्ये सर्वांनी पाळावीत. दिव्याकडे टक लावून पाहू नये. न दिसणारा किरणही डोळ्यात जातोच. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनी शेकायच्या बल्बपासून फार जपावे. भाजलेले त्यांना कळत नाही. कर्करोगाची गाठ असलेल्या जागी किंवा गरोदरपणी पोटावर हा प्रकाश घेऊ नये. उजेडाने त्वचेला त्रास होईल अशी काही औषधे असतात, ती चालू असतील तर आधी विचारावे. सांधा लालबुंद सुजला असेल आणि अंगात ताप असेल, तर दिवा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. चालू असलेली गोळी मनाने बंद करू नये. ओल्या हाताने प्लगला हात लावू नये, हे तर सांगायलाच नको.

विद्यार्थ्यांनो, येथे तुमचे एक काम आहे. डब्यावरची माहिती इंग्रजीत असते, डॉक्टर कन्नड किंवा हिंदी बोलतात आणि आजीला मराठी येते. मधला दुवा तुम्हीच. विकत घेण्याआधी तरंगलांबी किती, दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॅट आणि किती अंतरावर, हे तीन आकडे डब्यावर शोधा. ते नसतील तर घरच्यांना थांबायला सांगा. आणि वही ठेवा. दोन महिन्यांत आकडा हलला नाही, तर त्या यंत्रावर आणखी पैसा घालू नका.

आत्याबाईंना गुडघ्यांकडून एकच गोष्ट हवी होती. कार्तिकात पहाटे विठ्ठल मंदिरात काकड्याला जायचे होते. दोन वर्षे चुकले होते. गेल्या कार्तिकात त्या काठी घेऊन चालत गेल्या. मांडी मात्र घालता येईना. "देवापुढं खुर्चीवर बसू व्हय?" म्हणून दारातच उभ्या राहिल्या. तेव्हा भजनातल्या एका म्हाताऱ्या माउलीनेच खुर्ची आणून खांबाजवळ ठेवली. चार दिवसांनी तेथे तीन खुर्च्या होत्या. इतक्या जणींचे गुडघे दुखत होते, आणि कोणी बोलले नव्हते.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात सतरंज्यांच्या पुढच्या बाजूला वीस-पंचवीस खुर्च्या आजी-आजोबांसाठी राखून ठेवाव्यात. नातवंडांचा नाच पाहायला आलेल्या कोणालाही दोन तास मांडी घालून बसावे लागू नये. पंचवीस खुर्च्यांना वीज लागत नाही, आणि त्यांचा गुण पहिल्याच दिवशी येतो.