दारावरची पाटी

आमच्या संस्थेच्या तीन शाळांचे गुण आणि हजेरी ज्या यंत्रावर असते ते यंत्र मी कधी पाहिलेले नाही. मुंबईत कुठल्याशा इमारतीत ते भाड्याने घेतले आहे, एवढेच मला ठाऊक. मी सोलापुरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्याच्याशी बोलते. उर्दू माध्यमात शिकलेली, उर्दूतच गणित शिकवणारी, बी.एड. झालेली बाई या भानगडीत कशी पडली, असे विचाराल तर उत्तर सोपे आहे. संस्थेकडे संगणकाच्या माणसाला द्यायला पगार नव्हता, आणि पुण्यात नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ त्याचा जुना लिनक्सचा लॅपटॉप देऊन वर फोनवर फुकट शिकवायला तयार होता.

भाड्याची यंत्रे खरे तर दोन. एकावर खरे गुण. दुसऱ्यावर त्यांची नक्कल, काही नवे करून बघायला. इथे चित्रे नसतात, माऊसचे काम नसते. काळ्या खिडकीत एक ओळ येते आणि तिच्यापुढे हुकूम लिहायचा. त्या ओळीला प्रॉम्प्ट म्हणतात. तिच्यात तुमचे नाव, यंत्राचे नाव आणि तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये आहात ते असते. शेवटी साध्या माणसाला डॉलरचे चिन्ह आणि सगळे अधिकार असलेल्या ‘रूट’ला हॅशचे. आमच्या यंत्रांची नावे भाड्याने देणाऱ्यानेच ठेवलेली, लांबलचक आकड्यांची. दोन्हींत फरक शेवटच्या दोन आकड्यांचा. मी गणिताची शिक्षिका, पण रात्री साडेअकराला आकडे कोण वाचतो?

एप्रिल २०२२ मधली गोष्ट. नववीच्या तोंडी परीक्षेचे गुण शिक्षकांनी चार दिवस बसून भरले होते. मला नकलेवरचा जुना डेटाबेस पुसून त्या जागी ताजी प्रत घ्यायची होती. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. हुकूम लिहिला, एंटर दाबले. पुसायला वेळ लागत नाही. मग दुसऱ्या खिडकीकडे पाहिले तर नक्कल जागच्या जागी होती. पोटात गोळा आला. शेवटची राखून ठेवलेली प्रत रविवारची होती, आणि आज गुरुवार.

सकाळी मुख्याध्यापकांना सांगितले. ते रागावले असते तर बरे वाटले असते. शिक्षकांनी आपापल्या चिठ्ठ्या काढून गुण पुन्हा भरले. दोघांनी मात्र चिठ्ठ्या फेकून दिल्या होत्या, त्यांच्या वर्गांची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. त्यात एक मुलगी होती. वर्षभर मराठीच्या तासाला तोंड न उघडणारी. पहिल्या वेळी ती न थांबता बोलली होती, सरांनीच मला कौतुकाने सांगितले होते. किती गुण दिले ते त्यांना नक्की आठवेना. दुसऱ्या वेळी ती अडखळली, आणि वीसपैकी अकरावर थांबली. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “उस दिन आया था ना मेरेकू, टीचर?” मी हो म्हटले. गुणपत्रिकेत अकराच राहिले.

भावाला फोन केला. त्याने एवढेच विचारले, “आपा, दोन्ही खिडक्या एकसारख्याच ठेवल्या होत्या का?” मग त्याने गिटलॅब या कंपनीची हकिकत सांगितली. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथला एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत दुय्यम यंत्र दुरुस्त करत होता. त्याच्यावरची डिरेक्टरी पुसायची म्हणून त्याने मुख्य यंत्रावरची पुसली. यंत्रांची नावे डीबी-वन आणि डीबी-टू. एक-दोन सेकंदांत चूक कळून त्याने हुकूम थांबवला, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. सहा तासांपूर्वी त्यानेच हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून निभावले. मधल्या सहा तासांचे मात्र गेलेच. कंपनीने सगळे उघडपणे लिहून टाकले. पुढे काय सुधारायचे त्या यादीत एक कलम होते: कुठले यंत्र ते स्पष्ट कळावे म्हणून सगळ्या यंत्रांचे प्रॉम्प्ट बदलणे. एवढ्या मोठ्या कंपनीलाही दारावर नीट पाटी लावायची राहिली होती! त्या रात्री मला जरा झोप लागली.

प्रॉम्प्ट कसा दिसावा हे पी-एस-वन नावाच्या एका चलात लिहिलेले असते, आणि ते बॅशआरसी नावाच्या लपलेल्या फाईलमध्ये ठेवायचे. मी यंत्रांना ‘असल’ आणि ‘मश्क’ अशी नावे दिली. असल लाल पट्टीवर, मश्क हिरव्या. हौसेने आधी उर्दूत लिहिली, तर माझ्या खिडकीत अक्षरे सुटी सुटी होऊन उलटी उभी राहिली. देवनागरीत मात्रा भलतीकडे सरकल्या. शेवटी रोमन लिपीत लिहून मोकळी झाले.

मग नवीनच त्रास. लांब हुकूम लिहिला की ओळ खाली न जाता स्वतःवरच चढायची. रंगाच्या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत, पण बॅश त्या अक्षरे म्हणून मोजतो आणि त्याचा हिशेब चुकतो. त्यांना ठरावीक कंसांत घालून “या मोजू नका” असे सांगावे लागते. हे मला पटकन कळले. पाचवीच्या मुलांना हर्फ मोजायला सांगितले की कुणीतरी जेर-जबरही मोजतोच, आणि त्यालाही हेच सांगावे लागते.

खिडकीच्या माथ्यावरचे नावही प्रॉम्प्टमधूनच बदलता येते. एस्केप, चौकोनी कंस, शून्य, अर्धविराम, मग नाव, आणि शेवटी जुन्या टेलिप्रिंटरवर घंटी वाजवणारे अक्षर. माथ्यावर ‘असल’ दिसू लागले. पण एकदा यंत्रातून बाहेर पडून लॅपटॉपवर परतले तरी वर ‘असल’च! लॅपटॉपवरच्या माझ्या प्रॉम्प्टमध्ये माथा लिहिण्याचा हुकूमच नव्हता, त्यामुळे भाडेकरू गेला तरी पाटी तशीच. पाटी नसली तर माणूस निदान विचारून घेतो. खोटी पाटी असली की बिनधास्त आत शिरतो. तेव्हा लॅपटॉपलाही नाव दिले. आणि हे सारे करूनही रूट झाले की पट्टी गायब, कारण रूटची बॅशआरसी वेगळी. जिथे धोका सर्वांत जास्त, नेमकी तीच जागा रंगवायची राहिली होती.

आता लाल रंगाचीही सवय झाली आहे. रोज दिसणारे डोळ्यांना दिसेनासे होते. म्हणून काही पुसण्याआधी मी होस्टनेम असा हुकूम देते आणि येणारे नाव मोठ्याने वाचते. अम्मी आतून विचारते, “इत्ती रात कू किसकू पुकारती?”

शिक्षकांच्या चिठ्ठ्या आता जूनपर्यंत माझ्याकडे असतात, एका बिस्किटांच्या डब्यात. परवा एका नव्या सरांनी विचारले, सगळे संगणकावर असताना हे कागद कशाला? मी त्यांच्या चिठ्ठ्या मोजून घेतल्या आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावले.