राजमातेचं चित्र

राजघराण्यातल्या आईचं मुलांसोबतचं दरबारी चित्र म्हणजे निव्वळ राज्यकर्त्यांची जाहिरात, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत आले. चितारी दरबारचा, पैसा दरबारचा, मग मायाही दरबारच्या हुकमाचीच असणार. आई बघायची तर औंधला जा, असं मी सांगलीला घरी येणाऱ्या पाहुण्यांना सांगायचे. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात हेन्री मूरचं ‘माता आणि बालक’ आहे. त्या आईला ना नाव, ना गाव, ना गादी.

ते शिल्प मला आजही तितकंच प्रिय आहे. दरबारी चित्राबद्दलचं मत मात्र पार पालटलं, आणि त्याला कारण झालं फ्रान्सच्या मारी आंत्वानेतचं चित्र. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रन हिने 1787 मध्ये पुरं केलेलं, पावणेतीन मीटर उंचीचं हे चित्र आता व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. 1785 च्या हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणात राणीची अब्रू धुळीला मिळाली होती. तिला लेकुरवाळी दाखवून ती सावरायची, हा उघड हेतू. राणीच्या अंगावर लाल मखमल, मांडीवर धाकटा, थोरली लेक दंडाला बिलगलेली. उजवीकडे मोठा मुलगा पाळण्याकडे बोट दाखवतोय, आणि पाळणा रिकामा आहे. तान्ही सोफी वर्षाची व्हायच्या आतच, जून 1787 मध्ये गेली होती.

अब्रू सावरायला काढलेल्या चित्रात रिकामा पाळणा कोण ठेवील? चित्रकर्तीला तो कोपरा एखाद्या पडद्याने झाकता आला असता. तिने झाकला नाही. दोन वर्षांनी बोट दाखवणारा तो मुलगाही गेला. चित्रासमोरून जाताना राणीला रडू आवरेना, म्हणून ते तिथून हलवलं, असं चित्रकर्तीने आपल्या आठवणींत लिहिलं आहे. हुकमाने काढलेल्या चित्रात हुकमाबाहेरचं इतकं काही शिरू शकतं, हे मी कधी गृहीतच धरलं नव्हतं.

मग मन साताऱ्याकडे वळलं आणि चुटपुट लागली. 17व्या-18व्या शतकातल्या मराठी दरबारात राणीला मुलांसह बसवून चित्र काढण्याची रीत नव्हती. 1689 मध्ये रायगड पडला, तेव्हा येसूबाई सात वर्षांच्या शाहूंना घेऊन मोगलांच्या कैदेत गेल्या. 1707 मध्ये शाहू सुटले, पुढच्या वर्षी साताऱ्यात गादीवर बसले. आई मात्र ओलीस राहिल्या, थेट 1719 पर्यंत. ताराबाईंनी 1700 मध्ये आपल्या लहानग्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून औरंगजेबाशी झुंज दिली, आणि 1714 मध्ये त्याच मुलासह त्या पन्हाळ्यावर कैदेत पडल्या. या आयांचे आपल्या मनातले चेहरे पुढच्या चित्रकारांनी कल्पनेने काढलेले, कॅलेंडरवरचे: नजरेत तेज, हातात तलवार. आईचा हात मुलाच्या खांद्यावर कसा पडायचा, मूल तिच्याकडे बघायचं की भलतीकडेच, यातलं काही आपल्या हाती उरलं नाही.

खुशामतखोर चिताऱ्याने का होईना, साताऱ्याला परतलेल्या येसूबाई आणि 37 वर्षांचे शाहू यांना एका चौकटीत बसवलं असतं, तर ते चित्र आज मला हवं आहे. बारा वर्षांनी भेटलेल्या मायलेकरांत आधी कोण बोललं, हे त्यात दिसलं नसतं. पण दागिन्यांनी कितीही मढवलं असतं, तरी आई किती थकली होती ते त्यात उतरलं असतं.