चेहऱ्यांना नावे परत देताना : क्वेनेलची छायाचित्रे आणि गावाचा इतिहास

लहान गावाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाच्या हाती प्रथम येतात ते सरकारी कागद: जमिनीचे दस्त, करांच्या याद्या, न्यायालयांचे निकाल आणि वृत्तपत्रांच्या जुन्या फायली. या कागदांतून गावाचा कारभार उलगडतो. मात्र कारभारात ज्यांना वाटाच नव्हता, अशी माणसे त्यांत आली तरी आकड्यांच्या किंवा आरोपींच्या रूपात येतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 1872 मध्ये चिनी रहिवाशांचा आणि मूलनिवासींचा मताधिकार काढून घेतला, आणि तो प्रांतिक निवडणुकांत अनुक्रमे 1947 व 1949 पर्यंत त्यांना परत मिळाला नाही. एवढ्या काळाच्या दप्तरातून ही माणसे कशी दिसत, कोणते कपडे घालत, कोणाच्या शेजारी उभी राहत, हे कळण्याचा मार्ग जवळजवळ उरत नाही, आणि म्हणूनच फ्रेझर व क्वेनेल या नद्यांच्या संगमावरील क्वेनेल या गावातील छायाचित्रांना इतिहासाच्या साधनांमध्ये वरचे स्थान द्यावे लागते.

क्वेनेल वाढले ते कॅरिबू प्रदेशातील सोन्यामुळे. 1862 मध्ये विल्यम्स क्रीक या ओढ्याकाठी बिली बार्कर याला सोने सापडले, तेथे बार्करव्हिल ही खाणवस्ती उभी राहिली, आणि खाणींकडे जाणाऱ्या माणसांचा व मालाचा क्वेनेल हा मुक्काम ठरला. 16 सप्टेंबर 1868 रोजी बार्करव्हिल आगीत भस्मसात झाले. फ्रेडरिक डॅली या छायाचित्रकाराने त्या वस्तीची आगीपूर्वीची आणि आगीनंतरची अशी दोन्ही रूपे टिपलेली असल्यामुळे, लाकडी इमारतींची ती गर्दीची गल्ली कशी होती आणि ती पुन्हा कशी बांधली गेली, हे आज ताडून पाहता येते. प्रांताच्या शताब्दीच्या सुमारास, म्हणजे 1958 पासून, बार्करव्हिलचे जतन शासनाने हाती घेतले. अशा जतनाच्या कामात छपराचा उतार, पाटीवरील अक्षरे किंवा फळ्यांच्या पदपथाची उंची ठरवायची असते, तेव्हा जुन्या छायाचित्राइतका नेमका पुरावा दुसरा नसतो.

इमारती अशा रीतीने परत उभ्या करता येतात. माणसांच्या बाबतीत हे काम अधिक अवघड आहे, आणि त्याचे सर्वांत मोलाचे उदाहरण म्हणजे चाऊ डाँग हॉय यांचा संग्रह. 1883 मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात जन्मलेले हॉय 1902 मध्ये कॅनडात आले. त्या वेळी प्रत्येक चिनी मजुराकडून प्रवेशासाठी 100 डॉलरचा डोईकर घेतला जात असे आणि पुढच्याच वर्षी तो 500 डॉलर करण्यात आला. घरकाम, भांडी घासणे, खाणकाम, घड्याळदुरुस्ती असे अनेक उद्योग करताना त्यांनी बार्करव्हिलमध्ये 1909 च्या सुमारास छायाचित्रण स्वतःच आत्मसात केले, आणि नंतर क्वेनेलमध्ये किराणा व इतर मालाचे दुकान चालवत असताना तेही काम सुरू ठेवले. साधारण 1920 पर्यंत त्यांनी काढलेल्या दीड हजारांहून अधिक प्रतिमा आज बार्करव्हिलच्या अभिलेखागारात आहेत.

या प्रतिमांत चिनी खाणकामगार आहेत, गोरे वसाहतकरी आहेत, आणि त्सिल्कोतिन, डाकेल व सेक्वेपेम या मूलनिवासी समाजांतील स्त्री-पुरुषही आहेत. चिनी गिऱ्हाइके आपली छबी समुद्रापलीकडील कुटुंबाला पाठवत, आणि कुरणांवर गुराखी म्हणून राबणारे मूलनिवासी पुरुष रुंद काठांच्या टोप्या घालून, स्वतःच्या ऐटीत कॅमेऱ्यासमोर उभे राहत. याच क्वेनेलमध्ये 26 ऑक्टोबर 1864 रोजी पाच त्सिल्कोतिन सरदारांना फाशी देण्यात आली होती, आणि कॅनडाच्या केंद्र सरकारने त्यांना निर्दोष ठरवले ते थेट 2018 मध्ये. त्या फाशीनंतर अर्ध्या शतकाच्या आतबाहेर त्याच गावात त्सिल्कोतिन माणसे स्वतःच्या इच्छेने आपले चित्र काढून घेताना दिसतात, तेव्हा गावाच्या इतिहासात त्यांना न्यायालयाच्या निकालाबाहेर, स्वतःच्या रूपात जागा मिळते.

तथापि छायाचित्र ही नाशवंत वस्तू आहे. काचेच्या प्लेटवर किंवा फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो, त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात, आणि प्रतिमा या कणांनीच घडलेली असते. ओलाव्याने जिलेटिन फुगते व सुटू लागते, तर दूषित हवेने चांदी काळवंडते. म्हणून प्रत्येक काच आम्लविरहित कागदाच्या चार पाळ्यांच्या वेष्टनात गुंडाळून लांब कडेवर उभी ठेवतात, कारण आडव्या थप्पीत खालच्या काचा वरच्यांच्या वजनाने तडकतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असल्याने वेगळी ठेवावी लागते, आणि तिच्या जागी आलेली ॲसिटेट फिल्म उष्णतेत व दमटपणात विघटित होऊन आक्रसते व तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया उलटवता येत नाही. शीतगृहातील साठवण तिचा वेग फक्त कमी करते. अंकीकरणाने, म्हणजे प्रतिमेची संगणकीय प्रत करण्याने, मूळ वस्तूची हाताळणी टळते. पण ती प्रत मूळ निगेटिव्हची जागा घेऊ शकत नाही.

वस्तू वाचली तरी इतिहास आपोआप वाचत नाही. अभिलेखशास्त्रात मूलस्रोताचे तत्त्व पायाभूत मानले जाते, आणि त्याचा अर्थ असा की एका व्यक्तीने वा संस्थेने निर्माण केलेली सामग्री दुसऱ्या सामग्रीत मिसळू नये आणि तिचा मूळचा क्रम शक्यतो मोडू नये. एकाच पडद्यासमोर, एकाच उन्हात घेतलेली चित्रे सलग राहिली, तर ती एका दिवसाची आहेत हे ओळखता येते, आणि त्यांपैकी एका चेहऱ्याचे नाव कळले की शेजारच्या चेहऱ्यांचा माग लागतो. तीच चित्रे ‘चिनी’, ‘मूलनिवासी’, ‘घोडे’ अशा विषयवार खोक्यांत वाटली, तर हा धागा कायमचा तुटतो. हॉय यांच्या चित्रांतील अनेक माणसांची नावे लिहून ठेवलेली नव्हती. फेथ मूसांग यांनी या संग्रहावर संशोधन करून 1999 मध्ये ‘फर्स्ट सन’ हे पुस्तक सिद्ध केले, आणि त्यानंतर या छायाचित्रांकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले. देशपातळीवर कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने 2002 च्या सुमारास असेच काम आरंभले: उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इनुइट समाजाची जुनी छायाचित्रे तरुणांमार्फत वृद्धांपर्यंत नेण्यात आली आणि त्यांच्या स्मरणातून अनामिकांची नावे नोंदवण्यात आली.

या कामात हक्काचा प्रश्नही येतो. 1949 पूर्वीची छायाचित्रे कॅनडात स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. परंतु कायद्याने मोकळे असलेले प्रत्येक चित्र वंशजांना न विचारता वापरावे, असा याचा अर्थ होत नाही. याच प्रदेशातील विल्यम्स लेक या गावाजवळची निवासी शाळा 1891 ते 1981 या काळात मूलनिवासी मुलांना त्यांच्या घरांपासून दूर ठेवत होती. अशा समाजात आजीचे वा पणजोबांचे एखादे चित्र कुटुंबाकडे उरलेले नसणे स्वाभाविक आहे, आणि म्हणून अभिलेखागाराने त्याची प्रत कुटुंबाला देणे, नोंदीतील अपमानकारक जुने शब्द बदलताना मूळ मजकूरही राखणे, आणि चित्र कोठे व कसे दाखवावे याबाबत समाजाचे म्हणणे ऐकणे हा जतनाचाच भाग ठरतो. हॉय यांच्या बाबतीत तर छायाचित्रकाराच्या नावालाही हेच लागू होते: चाऊ हे त्यांचे कुलनाम असूनही कॅनडात हॉय हेच आडनाव म्हणून रूढ झाले, त्यामुळे दोन्ही रूपे नोंदली नाहीत, तर चीनमधील मूळ घराण्याशी त्यांचा दुवा जुळत नाही.

लहान गावांच्या अभिलेखागारांत मनुष्यबळ तुटपुंजे असते आणि मिळालेला निधी बहुधा स्कॅनर व संगणक यांवर खर्च होतो, कारण स्कॅन केलेल्या प्रतिमांची संख्या अहवालात दाखवता येते. याउलट एका चित्राची माहिती मिळवण्यासाठी चार घरे फिरावी लागतात, परस्परविरोधी आठवणी नोंदवाव्या लागतात आणि कोणती ओळख निश्चित व कोणती संभाव्य हे स्पष्ट लिहावे लागते. तरीही खर्चाचा अग्रक्रम याच कामाला मिळायला हवा. योग्य तापमानात ठेवलेली निगेटिव्ह आणखी शंभर वर्षे वाट पाहू शकते, पण तिच्यातील माणसाला ओळखणारी पिढी तेवढी थांबणार नाही, आणि तिच्यासोबत गेलेली माहिती कोणत्याही यंत्राने परत मिळवता येणार नाही.