स्मरणचित्र

घरातला हॉल हाच माझा स्टुडिओ. शनिवारी सतरंजी अंथरली की क्लास सुरू. मुलं येतात ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी. इंटरमिजिएटच्या ग्रेडचे गुण दहावीला मिळतात. माझी फीसुद्धा त्यावरच चालते.

परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो आणि नेमका तोच मुलं पाठ करून येतात. बाजार, बसस्टॉप, फुगेवाला. सगळ्यांच्या कागदावर तीच माणसं. म्हणून मी आधी विचारते, "परवा बाजारात पिशवी कुणी उचलली?"

"आजीनं," एक मुलगी म्हणाली. "ती पिशवीच्या उलट्या बाजूला वाकते."

तिनं ती वाकलेली पाठ काढली. हात भलताच लांब झाला होता. मी खोडरबर पुढे केला नाही. प्रमाण परीक्षेपर्यंत शिकवता येईल. ती पाठ मला शिकवता आली नसती.