समोरची खिडकी

नागपुरात कूलर बसवण्याचं एक शास्त्र आहे आणि ते कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. एप्रिल लागला की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, जुन्या ताट्या काढून नव्या भरल्या जातात, पंप पाणी उचलतो का ते पाहिलं जातं आणि मग घरातलं वडीलधारं माणूस एकच प्रश्न विचारतं, "समोरची खिडकी उघडली का?" ती बंद असली तर कूलर कितीही मोठा आणा, तासाभरात खोली दमट होऊन जीव नकोसा होतो. गार हवा आत यायची तर आतल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. विदर्भातल्या पोराला हे मुळाक्षरांच्या आधी कळतं. मला ते कॉम्प्युटर जोडायला लागून सहा वर्षं झाल्यावर कळलं.

2004 चा मे महिना होता. बर्डीच्या एका गल्लीत माझं दुकान. लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका स्टुडिओला मी नवं मशीन जोडून दिलं होतं. आत त्याच वर्षी बाजारात आलेला प्रेस्कॉट जातीचा पेंटियम फोर, शंभर वॉटच्या घरात उष्णता टाकणारा. सकाळी मशीन झकास चालायचं आणि दुपारी दोनच्या सुमाराला आपोआप बंद पडायचं. लग्नसराई ऐन भरात, नवरदेवाकडची मंडळी दारात उभी आणि अल्बम अर्धा. मी तीन पंखे लावले. दोन मागे, एक बाजूच्या पत्र्यावर, तिन्ही गरम हवा बाहेर फेकणारे. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा फोन.

मशीन दुकानात आणून उघडं करून बसलो होतो. बाबा डबा घेऊन आले. कॉम्प्युटरला हात लावायचा म्हटलं तरी घाबरणारा माणूस. त्यांनी तीन पंख्यांसमोर हात धरून पाहिला आणि म्हणाले, "हे तिन्ही बाहेरच फेकून राहिले. मग आत येते कुठून?"

कुठूनच नाही, हे त्याचं उत्तर होतं. कॅबिनेटचं तोंड म्हणजे सलग प्लास्टिक. पंख्यांना ओढायला हवा हवीच, ती ते जवळात जवळच्या फटीतून घेत होते. म्हणजे मागच्याच पत्र्याच्या जाळीतून. हवा मागच्या दारानं शिरत होती आणि पाय न टेकता मागच्याच दारानं निघून जात होती. प्रोसेसर बिचारा स्वतःच्याच वाफेत शिजत होता. दोष त्याचा नव्हता, जोडणाऱ्याचा होता. मी तीनातले दोन पंखे काढले, समोरच्या प्लास्टिकला करवतीनं गोल भोक पाडलं आणि तिथं एक पंखा आत हवा घेणारा बसवला. भोक काही सुबक झालं नाही. पण मशीन त्या उन्हाळ्यात पुन्हा बंद पडलं नाही.

तेव्हापासून कुणी "चांगला पंखा कोणता?" असं विचारलं की मी आधी विचारतो, कॅबिनेट कोणतं आणि ठेवणार कुठं?

पंख्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज आपल्या अंगाला आलेल्या घामातून जन्मला आहे. छतावरचा पंखा लावला की आपल्याला गार वाटतं, कारण घाम उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कॉम्प्युटरला घाम येत नाही. त्याच्या हीटसिंकला पंखा जे देतो ते फक्त खोलीतली हवा, खोलीच्याच तापमानाची. मे महिन्यात खोली 38 अंशांवर असेल तर जगातला कोणताही पंखा आतल्या सुट्या भागांना 37 वर आणू शकत नाही. तो फक्त तापलेली हवा हटवून न तापलेली हवा तिथं आणून ठेवतो. पंखा म्हणजे हमाल. बर्फवाला नव्हे.

हमाल किती लागतील याचा हिशोब मात्र करता येतो. मशीन भर कामात 300 वॉट उष्णता टाकतंय आणि आत आलेली हवा बाहेर पडेपर्यंत 10 अंशांहून जास्त तापू नये असं वाटत असेल, तर मिनिटाला साधारण 55 घनफूट हवा आरपार गेली पाहिजे. बाजारात याला सीएफएम म्हणतात. आता गंमत बघा. आर्क्टिक कंपनीच्या पी 12 या साध्या, स्वस्त पंख्याच्या कागदावर 1,800 आरपीएमला 56.3 सीएफएम असं लिहिलेलं आहे. म्हणजे एका पंख्यात काम झालं? तसं होत नाही. तो आकडा पंखा मोकळ्या हवेत, पुढेमागे काहीही नसताना फिरतो तेव्हाचा. त्याच कागदावर दाबाचाही एक आकडा असतो, 2.2 मिलिमीटर. नळीतलं पाणी तेवढं वर ढकलण्याइतका जोर, बस्स. आणि तो दाब मिळतो कधी, तर पंख्याचं तोंड पूर्ण बंद असताना, हवा शून्य असताना. एक आकडा सगळी दारं उघडी असतानाचा, दुसरा सगळी बंद असतानाचा. आपलं मशीन कायम या दोहोंच्या मधे कुठंतरी जगतं. धुळीची जाळी लावली, समोर काच आली, मागे वायरींचा गुंता झाला की सीएफएमचा आकडा जाहिरातीतल्या मायलेजसारखा घसरतो.

म्हणून जाळीमागे किंवा रेडिएटरवर पंखा लावायचा असेल तर दाब बघायचा, मागच्या मोकळ्या तोंडावर लावायचा असेल तर हवा. पात्यांकडे नुसतं पाहूनही पुष्कळ कळतं. रुंद, एकमेकांवर झुकलेली पाती असली की समजावं, हा रेटणारा गडी आहे. पात्याचं टोक आणि चौकट यांच्यात किती फट आहे तेही मी डोळ्यासमोर धरून बघतो, कारण रेटलेली हवा त्याच फटीतून उलटी परत येते. ऑस्ट्रियाच्या नोक्टुआ कंपनीनं 2018 मध्ये एनएफ-ए12x25 हा पंखा आणला, त्यात ही फट फक्त अर्धा मिलिमीटर आहे. एवढी कमी फट ठेवणं सोपं नाही. पंखा वर्षानुवर्षं फिरला की साधं प्लास्टिक बाहेरच्या ओढीनं कणाकणानं लांबतं आणि पातं चौकटीला घासू लागतं. त्यासाठी त्यांनी पात्यांचं प्लास्टिकच वेगळं, न ताणणारं वापरलं. रंग मात्र चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. एकाच्या किमतीत साधे चार-पाच पंखे येतात आणि पुष्कळदा तेच चार-पाच घेणं शहाणपणाचं असतं.

हे कसं, तर वेगाचा हिशोब फार विचित्र आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण वीज लागते आठवा हिस्सा आणि आवाज तर सुमारे 15 डेसिबलनं उतरतो. उलट एकाचे दोन सारखे पंखे केले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. म्हणजे एकट्याला पळवून दमवण्यापेक्षा दोघांना रमतगमत चालू द्यावं. कामही तेवढंच होतं आणि घरात शांतताही राहते.

पण हे सगळं शास्त्र खिशात घालून गेलो आणि तरी फसलो, असाही एक अनुभव आहे. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमधून फोन आला. कापसाचा हंगाम, फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग आणि वजनकाट्याचं कॉम्प्युटर दर दोन तासांनी बंद. काट्यावरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, लय ताकदीचा पंखा टाका, ह्या मशीनचा दम कोंडून राहिला." मी पिशवीत दाबवाले तीन पंखे घेऊनच गेलो होतो. पत्रा उघडला तर आत हीटसिंक दिसेचना. बोटभर जाडीचा पांढरा थर, गादीवाल्यानं पिंजून ठेवल्यासारखा. मी चिमटीत धरून उचलला तर पंख्याच्या गोल आकारासकट सबंध निघाला, अगदी अनारशासारखा.

पंखे हातात घेऊन मी इकडंतिकडं पाहिलं. कॅबिनेट जमिनीवर, दाराच्या अगदी कडेला. दार उघडलं की रुईचे तंतू आत येत, खाली बसत आणि कॅबिनेटचं तोंड नेमकं त्या उंचीवर. तिथं जितका ताकदीचा पंखा लावला असता तितकी लवकर गादी भरली असती. मी पोराकडे स्टूल मागितलं. मशीन दारापासून दूर, स्टुलावर ठेवलं. तोंडावर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली, दर सोमवारी झटकायची अशी. आणि पंख्यांची मांडणी बदलली, दोन आत घेणारे, एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की ती उरलेल्या प्रत्येक फटीतून बाहेर सांडते, मग धूळ फटीतून शिरत नाही, जाळीतूनच यावं लागतं तिला. बिलात पंखे दोनच लागले, आत हवा घ्यायचे. बाहेर टाकायला मशीनचाच जुना पंखा धुऊन पुसून पुन्हा लावला. स्टूल त्यांचंच होतं.

एक सूचना जाता जाता. धूळ उडवताना ब्लोअर लावायच्या आधी पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. नाहीतर तो भिंगरीसारखा, कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या कितीतरी वर फिरतो आणि बेअरिंगचा जीव जातो. साफसफाईत मेलेले पंखे मी बरेच पाहिले आहेत.

बेअरिंग हा पंख्याचा स्वभाव. बाकी सगळं कागदावर वाचता येतं, हे मात्र बोटाला आणि कानालाच कळतं. साधं स्लीव्ह बेअरिंग म्हणजे तेलात फिरणारा दांडा. उभा लावला तर बरीच वर्षं जातो, पण कॅबिनेटच्या छताला आडवा लावला की लवकर कुरकुरायला लागतो. बॉल बेअरिंग चिवट, पण जरा खरखरीत. फ्लुइड डायनॅमिकमध्ये फिरतानाच तेलाचा दाब तयार होऊन दांडा तरंगता राहतो, म्हणून ते शांत. माझ्या सुरुवातीच्या काळात कुरकुरणाऱ्या पंख्याचं लेबल सोलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचो. दोन-तीन महिने निघायचे. गिऱ्हाईक खूश, मीही खूश, आणि पंखा पुन्हा तेवढ्याच निष्ठेनं कुरकुरायचा.

कान तयार असल्याचा माझा अभिमान मात्र एका बुवांनी उतरवला. शास्त्रीय गाणं शिकवतात, शिष्यांसाठी घरीच बंदिशी ध्वनिमुद्रित करतात. त्यांच्यासाठी मी शांत म्हणून मशीन जोडून दिलं. दोन दिवसांनी फोन, "अहो, तुमचा हा डबा माझ्याबरोबर सा लावतो. काळी एक. पण जरा चढा आहे."

मला वाटलं बुवा चेष्टा करतात. जाऊन पाहिलं. मागचा पंखा 1,200 आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला 20 फेऱ्या. पाती सात. प्रत्येक पातं आधाराच्या दांडीवरून जाताना हवेला एक चापटी मारतं, सेकंदाला 140 चापट्या. बुवांची खर्जाकडची काळी एक असते 138.6 ला. म्हणजे डबा खरोखरच सा लावत होता आणि खरोखरच केसभर चढा होता. वर, चार स्क्रूंनी घट्ट आवळलेला पंखा अख्ख्या पत्र्याला थरथरवत होता, तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा.

स्क्रू काढून रबरी खुंट्या लावल्या. 120 मिलिमीटरचा पंखा काढून 140 चा बसवला, तो तेवढीच हवा कमी वेगात देतो. आणि मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन सांगितलं की प्रोसेसर 65 अंशांच्या वर गेल्याशिवाय पंख्यानं वेग वाढवायचा नाही. चार पिनांच्या पंख्यात ही सोय असते. तिसरी तार बोर्डाला सांगते मी किती वेगानं फिरतोय, चौथी बोर्डाचं ऐकते. बुवांनी डोळे मिटून थोडा वेळ कानोसा घेतला आणि म्हणाले, "आता कळलं त्याला, कुणी गायचं ते."

हल्ली दुकानात येणारी पोरं रंगीत दिव्यांचे सहा पंखे आधी निवडून येतात आणि कॅबिनेट नंतर. समोर सलग काच, काचेमागे तीन पंखे, काचेच्या कडेला बोटभर फट. दिसतं दिवाळीसारखं. मी भांडत नाही. काचेऐवजी जाळीचं तोंड घे, दिवे तेवढेच राहू दे, एवढं सुचवतो. मागच्या मेमध्ये एकजण बाजूचा पत्रा काढून थेट कूलरच्या झोतात मशीन ठेवत होता. गार राहतं म्हणाला, आणि ते खरंही होतं. फक्त झोताबरोबर येणाऱ्या तुषारांतले नागपुरी पाण्याचे क्षार बोर्डावर पांढरे ठिपके होऊन बसले होते. त्याला मी नवा पंखा विकला नाही. पत्रा परत लावून दिला.

आजही मशीन तयार झालं की मी तापमानाचे आकडे बघतो, पण तेवढ्यावर ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. संध्याकाळी दुकानात दिवाबत्ती होते तेव्हा एक उदबत्ती बाबांच्या फोटोपुढे लावतो आणि दुसरी नव्या कॅबिनेटच्या तोंडापासून वीतभर दूर धरतो. धूर आधी सरळ वर जातो, मग मधेच विचार बदलल्यासारखा वाकून जाळीत शिरतो. मी मागे जाऊन उभा राहतो. चंदनाचा वास मागून बाहेर आला की बिल फाडतो.