मामूंचा कॅमेरा आणि मापाची पिशवी

माझ्या मरहूम मामूंचा कॅमेरा चौदा सेंटीमीटर लांब, साडेसात उंच आणि लेन्सच्या नाकासकट सात सेंटीमीटर जाड आहे. वजन पाऊण किलो. ही मापं मला माझ्या हजेरीपटापेक्षा जास्त पाठ आहेत, कारण गेली तीन वर्षं मी या मापाची पिशवी शोधत होतो. तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्याच्या पिशवीवर कोणी लेख लिहितं का? मलाही तसंच वाटलं होतं.

कॅमेरा आहे याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. जपानी कंपनीनं हे मॉडेल १९७३ साली काढलं. मामू कुवेतला होते, तिथून सुट्टीवर येताना त्यांनी तो आणला. आमच्या कोकणात त्या काळी आखातातून येणारा माणूस टेपरेकॉर्डर, अत्तर, साबणाच्या वड्या आणि ब्लँकेट आणायचा. मामूंनी कॅमेरा आणला म्हणून नानी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. तिच्या लेखी तसवीर काढणं गुनाह होतं. पुढे हज कमिटीच्या फॉर्मला फोटो लागला तेव्हा तो मामूंनीच काढला. तो विषय मग घरात कोणी काढला नाही.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं, त्यात आमच्या घराचा तळमजला छतापर्यंत बुडाला. अल्बम खालच्या कपाटात होते. पाणी उतरल्यावर आम्ही ते उघडले, तर पानं एकमेकांना चिकटली होती आणि सोडवायला गेलं की माणसं कागदावरून निघून बोटांना लागत होती. अम्मीच्या निकाहचा एकही फोटो राहिला नाही. माळ्यावर मात्र चॉकलेटचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात मामूंच्या निगेटिव्ह, आणि शेजारी हा कॅमेरा. मोहल्ल्यात अशी बरीच घरं होती, ज्यांच्याकडे आता आजोबांचा चेहरा फक्त आधार कार्डावर उरला होता. मी ठरवलं, निगेटिव्ह हाताशी आहेत तोवर प्रती काढायच्या, आणि जे बुजुर्ग हयात आहेत त्यांचे फोटो काढायचे. मोबाइलनंही काढता येतात, हे मला माहीत आहे. पण मामूंनी ज्यांना तरुणपणी टिपलं, त्यांना त्याच काचेतून म्हातारपणी बघायचं, ही माझी हौस म्हणा.

कॅमेरा रोज जवळ हवा म्हटल्यावर पिशवीचा प्रश्न आला.

हा रेंजफाइंडर प्रकारचा कॅमेरा आहे. आत आरसा नसतो, वर कुबड नसतं. बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी, आणि थोड्या अंतरावर आणखी एक छोटी खिडकी. दोन्हींतून येणारी चित्रं मधल्या पिवळसर चौकोनात दिसतात, आणि लेन्सची कडी फिरवली की एकाच माणसाच्या दोन आकृत्या सरकत सरकत एक होतात. एक झाल्या की माणूस फोकसमध्ये. शटर लेन्सच्या आतच पात्यांचं असतं, त्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच. दुआ चालू असताना फोटो काढला तरी शेजाऱ्याला कळत नाही. सगळी गंमत या दोन गोष्टींत आहे, शांतपणा आणि त्या दोन खिडक्यांचं जुळलेलं माप. पिशवी चुकीची असली की दोन्हींवर पाणी पडतं.

मामूंच्या मूळ चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा फार देखणा दिसायचा. पुढचा भाग खाली लोंबकळायचा, टाके उसवले होते, तरी मोह सुटत नव्हता. पण चामडं ओल धरून ठेवतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने ओल धरलेल्या चामड्यात काच ठेवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. लेन्सवर बुरशीचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात, आणि वेळेत साफ केले नाहीत तर काचेवरचा लेप कायमचा खातात. आमच्या लेन्सच्या कडेला एक धागा दिसलाच. त्या दिवसापासून केस काचेच्या कपाटात आणि कॅमेरा हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी ओल प्यायली असं समजायचं आणि ते तापवून पुन्हा निळे करायचे. कोणी तांदळात ठेवायला सांगतात. तांदळाचा भुगा लेन्सच्या कडीत गेला तर काय होतं, हे त्यांना विचारू नका.

मग मुंबईहून एक तयार बॅग आणली. काळी, नायलॉनची, जाड फोमची. अशा बॅगा आरशाच्या मोठ्या कॅमेऱ्यांसाठी बेतलेल्या असतात, लांब लेन्स खाली सोडून ठेवायला आत खोल विहीर. माझा कॅमेरा त्या विहिरीत विटेसारखा तळाला जायचा आणि मी कोपरापर्यंत हात घालून त्याला शोधायचो. वरून वेल्क्रो. एका कुराणखानीत मी बॅग उघडली आणि जो चर्र आवाज झाला, त्यानं अख्ख्या खोलीनं मान वळवली. ज्या कॅमेऱ्याचं शटर कोणाला ऐकू येत नाही, त्याच्या पिशवीनं अशी दवंडी पिटावी!

पण ती बॅग सुटली ती वेगळ्याच कारणानं. सणाचे दिवस होते, स्टेशनवर गर्दी होती, तपासणी चालू होती. माझ्या पुढे पाठीवर पिशव्या घेतलेली दहा-बारा मुलं गेली. मला थांबवलं. दाढी, टोपी, आणि काखेत काळी फुगलेली बॅग. उघडा म्हणाले, उघडली. मग कॅमेरा उघडा म्हणाले. मी सांगितलं, आत फिल्म आहे, उघडला तर प्रकाश लागून काढलेले फोटो जातील. ‘काय फोटो?’ मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांचे. बोलता बोलता माझं मराठी जरा जास्तच पुस्तकी होऊ लागलं, ते माझं मलाच ऐकू येत होतं. मी मराठी शिकवतो, हे सांगायची मला तिथे एवढी घाई का झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी मागचं झाकण उघडलं गेलं. सत्तावीस फोटो गेले. त्यांतल्या दोन माणसांचे फोटो पुन्हा काढायची संधी मिळाली नाही.

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘पिशवी बदला. नाव थोडंच बदलता येतंय?’ मला राग आला. नंतर पटलं असंही नाही. पण पिशवी बदलली.

आता घेतली शबनम. मराठीच्या मास्तराला तिच्याइतकं निरुपद्रवी दुसरं काही नाही. स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलंही, ‘काय, आता कवितावाचनाला का?’ मला मात्र वेगळीच मौज वाटत होती. उर्दूत शबनम म्हणजे दवबिंदू. ज्या कॅमेऱ्याला ओलीपासून जपतोय, त्याला मी दवाच्या हवाली केलं! वर्गात हे सांगितलं तर पोरं हसली, आणि उर्दूचे दोन शब्द त्यांच्या ध्यानात राहिले. शबनमनं मला कुठे अडवू दिलं नाही. पण तिला तळ नाही, कडा नाहीत. चालताना कॅमेरा मांडीवर आपटायचा, एसटीत चढताना दांड्यावर. एक दिवस बघतो तर पिवळ्या चौकोनातल्या दोन आकृत्या जुळेनात. आडव्या जुळल्या तरी एक वर, एक खाली.

मुंबईला फोर्टात एका जुन्या कारागिरांकडे गेलो. त्यांनी वरचं झाकण काढून आकृत्या पुन्हा एका पातळीत आणल्या आणि पिशवी बघून कपाळाला हात लावला. त्यांच्याकडून एका तासात जे शिकलो ते असं. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस दिसतो तो लेन्समधूनच, यात तो दोन खिडक्यांच्या हिशोबावर चालतो. म्हणून धक्का लागून हिशोब बिघडला तर डोळ्याला जुळलेलं दिसूनही फोटो हलकासा धूसर येतो. धक्का बहुधा खालून बसतो, पिशवी फरशीवर टेकवताना. तेव्हा तळ जाड हवा, बाजू पातळ चालतात. कॅमेरा लेन्स खाली करून किंवा एका बाजूवर उभा बसावा, म्हणजे पिशवी अरुंद राहते आणि अंगाला चिकटून चालते. आतलं अस्तर फिकट हवं, काळ्या अस्तरात काळं टोपण कधीच सापडत नाही. आणि फोमचा खण बाहेर काढता आला पाहिजे, म्हणजे पावसात पिशवी भिजली तर दोन्ही वेगळे सुकवता येतात.

परदेशात यावर लोकांनी आयुष्य घातलंय. अमेरिकेत जिम डोमके हे फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राचे छायाचित्रकार, त्यांनी स्वतःच्या कामासाठी मऊ कॅनव्हासची पिशवी बेतली आणि तिचीच पुढे कंपनी झाली. इंग्लंडची बिलिंगहॅम १९७३ पासून मासे पकडणाऱ्यांच्या पिशव्या शिवायची, मग कळलं की फोटोवाले त्याच पिशव्यांत कॅमेरे घालताहेत. मासळीच्या पिशवीवरून कॅमेऱ्याची पिशवी, हे आम्हा कोकण्यांना जवळचं वाटायला हरकत नाही. किंमत बघितली आणि फोन उशाखाली ठेवून दिला.

शेवटी गेलो रिक्षाचे हूड आणि सीट शिवणाऱ्या चाचांकडे. हे आधीच सुचायला हवं होतं. त्यांच्याकडे जाड कॅनव्हास आहे, दाट फोम आहे, बक्कल आहेत आणि रेक्झिनचे चार थर एका दमात शिवणारं मशीन आहे. मी कॅमेरा, पिवळा फिल्टर, दोन रोल, वही-पेन आणि सिलिका जेलची पुडी त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन विचारलं, ‘मास्तर, नाकाला जागा किती सोडू?’

पहिली पिशवी फार नेमकी झाली. चूक माझीच, मी मापं दिली होती मिलिमीटरपर्यंत. कॅमेरा आत बसला की जणू साच्यात ओतलेला. बाहेर काढायला दोन्ही हात लागायचे, आणि झाकण बंद केलं की ते शटरच्या बटणावर टेकायचं. या कॅमेऱ्यात बटण अर्धं दाबलं तरी आतला दिवा लागतो. मूळची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, मी अडॅप्टर घालून सहा व्होल्टची लावतो, ती दोन दिवसांत संपली. बटणाभोवतीची कडी फिरवून ते लॉक करता येतं, पण ज्याच्या डोक्यात दहावीच्या उत्तरपत्रिका असतात त्याच्या भरवशावर पिशवी शिवू नये. चाचा म्हणाले, ‘फिट म्हणजे घट्ट नव्हे. बोटभर जागा ठेवायची असते.’

बोटभरच, जास्त नाही. लहानपणी अम्मी ईदचे कपडे वाढत्या मापाचे शिवायची, दोन ईदा निघायच्या. पिशवी तशी शिवली तर मोकळ्या जागेत आठवड्याभरात चार्जर, छत्री आणि केळी येऊन बसतात. तयार बॅगांच्या जाहिरातीत जेव्हा लिहितात की यात आणखी बरंच काही मावतं, तेव्हा मी ती बॅग सोडून देतो.

दुसरी पिशवी बरोबर झाली. आत चोवीस सेंटीमीटर लांब, नऊ रुंद, सोळा उंच. तळाला दुहेरी फोम, बाजूंना एकेरी. वेल्क्रो नाही, दोन बक्कल. पट्टा चार सेंटीमीटर रुंद, म्हणजे खांद्यात रुतत नाही. रंग जुन्या ताडपत्रीचा. अस्तराला मुमानीनं तिची एक फिकट पिवळी ओढणी दिली. पाठीमागे एक सपाट कप्पा मी हट्टानं मागून घेतला, वीस बाय पंधराचा, आत दोन्ही बाजूंनी पुठ्ठा. चाचांनी विचारलं होतं, हा कशाला? म्हटलं, पाच बाय सातचा फोटो न दुमडता मावला पाहिजे.

परवा ती घेऊन मोहल्ल्यातल्या एका खालांकडे गेलो. ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांचे यजमान मामूंचे दोस्त होते, बोटीवर होते, वारून तीस वर्षं झाली. घरातले त्यांचे सगळे फोटो पुरात गेले. खाला चटईवर बसल्या होत्या, मी समोर बसलो आणि पिशवी जमिनीवर टेकवली. बक्कल काढलं. आवाज झाला नाही. त्यांना वाटलं मी कॅमेरा काढतोय, पदर पुढे ओढून त्या म्हणाल्या, ‘माझा नको रे बाबा, आता या वयात कशाला गुनाह.’

‘तुमचा नाही, खाला,’ मी म्हटलं आणि मागच्या कप्प्यात हात घातला.

चॉकलेटच्या डब्यातल्या निगेटिव्हवरून काढलेली प्रत होती. बंदरावर, पांढऱ्या शर्टात, उन्हानं डोळे बारीक केलेले. त्यांनी ती बराच वेळ दोन्ही हातांत धरली. मग चष्मा मागितला. सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. आणि मग म्हणाल्या, ‘हा तुझ्या मामूनं काढला ना? तोच डबा आहे का हा त्याचा?’

मी कॅमेरा बाहेर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, खिडकीला डोळा लावला, चुकीच्या बाजूनं.