कान तयार होताना

महाराष्ट्रात सगळ्यात कच्चा कान कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन, शुद्ध मराठी बोलणाऱ्याचा. पुण्याचा माणूस काय म्हणतोय ते कुडाळच्या भाजीवालीला कळतं, अकोल्याच्या रिक्षावाल्याला कळतं, लातूरच्या आडत्यालाही कळतं. उलट दिशेने मात्र अडतं. बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने राज्यभर फिरले आणि हे पुन्हा पुन्हा बघायला मिळालं. काउंटरच्या काचेला खाली अर्धगोल भोक असतं. त्यातून पासबुकासोबत जी भाषा आत येते, ती कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

कुडाळला आमच्या शाखेत पुण्याकडचा एक तरुण अधिकारी नव्याने आला होता. हुशार, कामाला वाघ. एक म्हातारी त्याच्या काउंटरवर आली आणि म्हणाली, "माझ्या झिलान पैशे धाडल्यान काय ता बघ मां." झील म्हणजे मुलगा, एवढं त्याने आल्या आल्या शिकून घेतलं होतं. पैसे आणि धाडणं तर त्याच्याही घरचंच. तरी गाडं अडलं. म्हातारी 'काय'पर्यंत एका दमात गेली आणि 'बघ मां'ला सूर वर चढवून तिथेच ताणून राहिली. साहेबांना वाटलं, बाई तक्रार घेऊन आल्यात. "आजी, चिडू नका, सांगा काय झालं," ते म्हणाले. आजी चिडल्याच नव्हत्या. त्यांनी तेच वाक्य तेवढ्याच वेगात, फक्त मोठ्याने म्हटलं. (समोरच्याला कळलं नाही की माणूस सावकाश बोलत नाही, ओरडतो. हे मात्र सगळ्या जिल्ह्यांत सारखं.) मग त्यांनी पदर सारखा केला, खांदे ताठ केले आणि वर्गात बाईंना उत्तर द्यावं तशा आवाजात म्हणाल्या, "मुलाने पैसे पाठवले आहेत का, ते बघा." साहेबांचा चेहरा उजळला. पासबुक यंत्रात गेलं, पैसे जमा झाले होते.

मी शेजारच्या काउंटरवरून बघत होते. साहेबांची पदवी, पगार, खुर्ची सगळं वरचढ, पण दोन मराठी येत होत्या त्या आजींना. पूल ओलांडायचं काम त्यांनीच केलं आणि त्यात काही विशेष केलं असंही त्यांना वाटलं नाही. शाळेची पुस्तकं, आकाशवाणीच्या बातम्या, मालिका, गिरणीत नोकरीला गेलेले मुंबईचे नातेवाईक, या सगळ्यांनी कोकणातल्या माणसाचा कान जन्मभर तयार केलेला असतो. पुण्या-मुंबईच्या कानावर मालवणी पडते ती नाटकात नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत.

यात साहेबांचा दोष थोडा आणि इतिहासाचा जास्त. आज आपण ज्याला एक राज्य म्हणतो, त्यातला मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रदेशात, आणि पश्चिमेकडचा बराच मुलूख मुंबई राज्यात. या सगळ्यांचं मिळून महाराष्ट्र राज्य झालं ते 1960 साली. त्यानंतर एकमेकांचं ऐकायची सवय लागायला हवी होती, पण आवाज वाहिला तो एकाच बाजूने. मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं आणि दादर-पार्ल्याचं मराठी किनवटपर्यंत पोचलं. किनवटचं मराठी दादरला पोचवायची तार कुणी टाकली नाही.

बरं, शब्दांचं कोडं सुटायला वेळ लागत नाही. 'काहून' म्हणजे का, 'खंय' म्हणजे कुठे, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. खरी फजिती करतो तो हेल. वाक्य कुठे उचलायचं, कुठे सोडायचं, कोणता स्वर गिळायचा, हे सगळं हेलात असतं आणि हेल कागदावर उतरत नाही. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड 1905 साली निघाला. बायबलातल्या उधळ्या मुलाची एकच गोष्ट त्यात वेगवेगळ्या बोलींत छापलेली आहे. वाचताना मौज वाटते, पण सगळ्या बोली आपण आपल्याच सुरात वाचतो. पुढे त्याच उपक्रमात ग्रामोफोनच्या तबकड्या भरल्या गेल्या. छापील नमुन्यांतून जे निसटतं ते त्यांतच सापडायचं. बहिणाबाईंचंही तसंच. त्या लिहीत-वाचत नव्हत्या, त्यांची कविता तोंडातून निघायची. त्यांच्या पश्चात 1952 साली ती पुस्तकरूपाने आली आणि राज्यभरच्या वर्गांत पोचली. पण आमच्या कोल्हापूरच्या शाळेत बाईंनी ती म्हटली कोल्हापुरी सुरात, आणि आम्ही तशीच पाठ केली. बहिणाबाईंच्या असोद्याच्या कुणाला ती ऐकवली असती तर हसू आवरलं नसतं.

आता कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर आमच्याबद्दलही सांगते. आम्ही भरभर बोलतो आणि समोरच्याशी भांडतोय असं वाटावं इतक्या वरच्या पट्टीत. 'काय करालाईस' हे आमच्याकडे प्रेमाचं वाक्य आहे, हे लातूरच्या सहकाऱ्याला पटवायला मला बराच चहा पाजावा लागला. तो स्वतः 'काय करूलालास' म्हणायचा, म्हणजे फार लांबचं नव्हतंच काही. पण त्याचं वाक्य मधेच रेंगाळायचं आणि माझं कड्यावरून उडी मारायचं. शिवाय आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात. पुण्याच्या शाखेत मी फोनवर आईला एकदा "येतो गं रविवारी" म्हणाले, तर शेजारच्या टेबलावरची मान वर झाली. आपल्या बोलण्याला हेलच नाही, हेल असतो तो दुसऱ्यांच्या, असं मात्र प्रत्येक गावाला वाटतं. पुण्याला तर वाटतंच वाटतं.

गंमत म्हणजे कान फार लवकर शिकतो, फक्त त्याला शिकू द्यावं लागतं. परदेशी हेलातलं इंग्रजी ऐकणाऱ्यांवर अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी प्रयोग केले, ते 2004 साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ऐकणाऱ्याची समज मंदावते आणि साधारण मिनिटाभरात बरीचशी सावरते, असं त्यांना आढळलं. अकोल्याला फोनवर बोलताना मला हे नेमकं कसं होतं ते कळलं. समोर तोंड दिसत नाही, हातवारे नाहीत, लाइनवर खरखर. पलीकडचे शेतकरी म्हणाले, "सकाय येतो." कान कोरा. मग म्हणाले, "त्या मारुतीच्या देवळाजवय आमचं घर हाये." जवय हे जवळ असणार हे देवळामुळे सुटलं, आणि त्याच क्षणी मागची सकाळही उजाडली. ळ तिथे य होऊन बसतो. पुढे कुणी डोया म्हणालं, दिवाई म्हणालं, तरी थांबावं लागलं नाही. कानाने शब्द पाठ केले नव्हते, खोड पकडली होती. आणि ती पकडण्यासाठी माणसाला मधे न तोडता बोलू देणं एवढंच लागलं. मी 'सकाय'वरच "काय? काय म्हणालात?" करत बसले असते तर देऊळ आलंच नसतं.

'सैराट' 2016 मध्ये लागला तेव्हा राज्यभरच्या थिएटरांत हाच प्रयोग घाऊक प्रमाणात झाला. करमाळ्याकडची बोली, पोरांचं अर्धं गिळलेलं बोलणं, आणि पडद्यावर खाली मराठी अक्षरं हवीत असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. गोष्टीत पुढे काय होणार याची ओढ होती, म्हणून कान स्वतःहून कामाला लागला. बँकेच्या काउंटरवर ती ओढ नसते, रांग असते.

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांबद्दल माझं मत जरा कडू आहे. वऱ्हाडी किंवा मालवणी माणूस तिथे आला की पहिल्या वाक्यालाच हशा पिकतो. विनोद अजून झालेला नसतो, हसतात ते हेलाला. कलाकार गुणी असतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण वर्षानुवर्षं असं बघितलेल्या माणसासमोर खरा वऱ्हाडी शेतकरी पीककर्जाचं गाऱ्हाणं घेऊन उभा राहतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या ओठांचे कोपरे आधीच हलायला लागलेले असतात. हसायच्या तयारीत असलेल्याला ऐकू कमी येतं. शेतकऱ्याला ते दिसतं. मग तोही कुडाळच्या आजींसारखा पुस्तकी बोलायला लागतो, आणि त्या बोलण्यात हप्ता, व्याज, तारीख सगळं बरोबर येतं, पण पाऊस कधी गेला आणि बियाणं दोनदा का पेरलं हे येत नाही. ते सांगायला त्याला त्याचीच भाषा लागते.

डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं आणि गावोगावच्या लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, याचा मला मनापासून आनंद झाला. अभ्यासकांसाठी ते आहेच. पण बदलीचा हुकूम हातात पडलेल्या प्रत्येक बँकवाल्याने, तलाठ्याने, डॉक्टरने निघण्याआधी संध्याकाळी तासभर त्या जिल्ह्याचं बोलणं ऐकावं, अशीही माझी एक वेडी सूचना आहे. नाहीतर दुसरा उपाय आहे, मी तोच करते. नव्या गावात गेलं की पत्ता विचारत नाही, भाव विचारत नाही. त्यांची उत्तरं दोन शब्दांत संपतात. चहाच्या टपरीवर बसायचं आणि एखाद्या वयस्क माणसाला विचारायचं, जावई काय करतात तुमचे? मग पुढचा अर्धा तास आपल्याला तोंड उघडावं लागत नाही.